भट्टीवरचे मऊ कोट

काचेच्या कारखान्यात भट्टीवर उभं राहणाऱ्या माणसांचे कोट काकू शिवत असत. कोट म्हटलं की मिरवायचा कपडा डोळ्यांपुढे येतो. हे तसले नव्हेत. जाड लोकरीचे, कमरेपर्यंत येणारे, गळ्याशी बंद, मनगटावर घट्ट, आणि दिसायला गोणपाटाचे सख्खे भाऊ. लांब नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन माणूस ती फिरवतो, फुंकतो, तेव्हा तिचे बारीक थेंब इकडेतिकडे उडतात. लोकरीवर असा थेंब पडला तर ती तेवढ्यापुरती करपते, पेट घेत नाही. माणूस उघड्या हाताने थेंब झटकतो आणि पुढची फुंकर घालतो. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत, की थेंब पडला तर नाचू नकोस, झटक.

शिवणखोली कारखान्याच्या मागच्या अंगाला, भांडाराला लागून होती. जाळीची एक खिडकी, दोन मशिनं, कापड बेतायचं लांबलचक टेबल आणि एक इस्त्री, जी उचलताना काकू दर वेळी "आई गं" म्हणत. दुसऱ्या मशीनवर काजवाली बसे. काजं आणि बटणं तिच्याकडे. वयाने काकूंच्या निम्मी, जिभेने दुप्पट.

काकूंना हे काम तिथल्या जुन्या मास्तरांनी शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, तर सुरुवातीला मशीनला हातच लावू दिला नाही. कातरणांचा ढीग पुढ्यात ओतायचा, "निवडा" म्हणायचं आणि आपण आपल्या मशीनवर वाकायचं. लोकरीचं एकीकडे, बाकीचं एकीकडे. चुकलं तर मास्तर रागावत नसत, दोन्ही ढीग पुन्हा एक करत आणि पुन्हा म्हणत, "निवडा." काकू घरी जाऊन रडल्या होत्या, की शिवण शिकवायचं सोडून मला धान्य निवडायला बसवलंय. पण त्या निवडण्यातून बोटांना जे कळलं ते कायमचं. लोकर मुठीत दाबून सोडली की आळस दिल्यासारखी हळूहळू पुन्हा फुगते. तिच्यात सुई घालून काढली तर भोक मिटून जातं. ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली की ओल्या मेंढराचा वास खोलीभर होतो. एवढ्यानेही शंका राहिली तर काडी लावायची. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला केली की ती आपली आपण विझते, आणि मागे उरते ती राख बोटांत चुरली की पावडर. नकली धागा मात्र भुरकन पेटतो, वितळतो, आणि विझल्यावर काळी कडक गोळी होऊन बसतो, नखाने फुटता फुटत नाही.

मास्तर गेले आणि त्यांची खुर्ची काकूंकडे आली. यजमानांचा सारा जन्म भट्टीच्या तोंडावर गेला होता. त्या उजेडाकडे बघून बघून त्यांच्या डोळ्यांवर साय धरली, ती काही पूर्ण निघाली नाही, आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी मुलगा लागला. काकूंना वाटायचं, चला, कोट तरी आपल्या हातचा आहे.

आता खरं सांगायचं तर त्या लोकरीच्या कोटांना सगळे शिव्याच घालत. टोचायचे. घामाने भिजले की मणाचे व्हायचे. मुलाची मान तर कायम लाल असे. बिचारा जेवताना मान खाजवी आणि काकू ताटावरून ओरडत. कामगारांचा पुढारी म्हणून एक जण होता, नळीवरचाच जुना गडी, आवाजाने दणदणीत आणि मनाने हळवा. तो कचेरीत जाऊन म्हणे, "साहेब, माझी बायको दारातूनच सांगते, मेंढरं बाहेर बांधून या. आम्हाला माणसाचे कोट द्या." साहेब हसत आणि बघू म्हणत. असं बघू-बघू करता करता कितीतरी महिने गेले. शेवटी पुढाऱ्याने भट्टीवरचं काम अर्धा दिवस थांबवून दाखवलं, तेव्हा कुठे कचेरी हलली.

आणि मग एके सकाळी भांडारात नवे तागे आले.

काजवाली आधी धावली. एका ताग्याचं तोंड उलगडून तिने गाल टेकवला. "काकू, या इकडे. सशाचं पिल्लू आहे नुसतं."

ताग्याच्या कोपऱ्यात पांढरी पट्टी शिवलेली होती, तिच्यावर 'शुद्ध लोकर' असं छापलेलं. काकूंनी पट्टीकडे पाहिलं नाही. त्यांनी कापड मुठीत धरलं, दाबलं आणि सोडलं. कापड फुगलं खरं, पण टुणकन. त्यांनी पुन्हा दाबलं.

"काय झालं?" काजवाली म्हणाली. "असं काय करताय, पिळून दूध काढायचंय का त्याचं?"

"थांब गं जरा."

काकूंनी ताग्याच्या तोंडाचा हातभर तुकडा कापून टेबलावर घेतला. ओलं फडकं टाकलं, आई गं म्हणून इस्त्री उचलली आणि फिरवली. वाफ आली, वास आला नाही. म्हणजे थोडासा आला, कुठून तरी लांबून आल्यासारखा, पण त्याच्या अंगाला एक आंबूस झाक होती. फडकं उचललं तर खाली कापड चकचकीत झालेलं. त्यांनी सुई घातली, काढली. भोक तसंच उघडं. मग त्यांनी त्या कापलेल्या टोकाचा एक धागा ओढला, पत्र्याच्या डबीवर धरला आणि काडी लावली. धागा भुरकन गेला. डबीवर एक काळा ठिपका राहिला. काकूंनी नख लावून पाहिलं, नखच वाकलं.

काजवालीने वाकून पाहिलं. "शी, कसला घाण वास."

"हे लोकर नाही," काकू म्हणाल्या. "हे भट्टीवर घालायचं कापड नाही."

"मग आता?"

मग आता काय, हे काकूंनाही कळत नव्हतं. त्यांना भांडण येत नसे. मोठ्या माणसापुढे उभं राहिलं की त्यांना जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं आठवे.

संध्याकाळी त्यांनी घरी विषय काढला. कचेरीने नमुन्यादाखल काकूंकडून घाईने शिवून घेतलेला एक कोट मुलाने दुपारीच अंगावर चढवून पाहिला होता आणि तो अजून त्याच आनंदात होता.

"आई, खरं सांगतो, अंगावर कोट आहे हेच कळत नाही."

"ते नकली आहे रे. पेटतं. मी लावून पाहिलं."

"तू काडी लावलीस. आम्ही काय काड्यापेटीत काम करतो?"

"काडीनं पेटतं ते काचेच्या थेंबानं काय करेल?"

"आई, तुला त्या जुन्या कापडाची सवय झालीय, म्हणून. मऊ दिसलं की तुला संशय. सुखानं घालू दे ना आम्हाला." त्याने मान पुढे केली. "हे बघ, लाल दिसते का कुठे?"

मान खरंच बरी दिसत होती. यजमान भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला. "तुकडा आणलास का? दे."

काकूंनी दिला. त्यांनी तो दोन बोटांत घोळवला, ओठांना लावला, आणि गुडघ्यावर ठेवला.

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

"मी काय सांगू? ती सांगतेय तेच खरं आहे."

"झालं. दोघंही एका माळेचे मणी." मुलगा हसला आणि उठून बाहेर गेला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, आणि त्याचीच काकूंना जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते.

यजमान म्हणाले, "भांडारवाल्या साहेबांना दाखव. सगळ्यांदेखत. एकट्याला दाखवलंस तर तो गिळून बसेल."

"सगळ्यांदेखत मला जमायचं नाही हो."

"तुला कुठे भाषण करायचंय? धागा जाळायचाय. तो काय तो बोलेल."

हे काकूंना पटलं. धाग्याने बोलायचं असेल तर आपण उभं राहू शकतो, असं त्यांना वाटलं.

भांडारवाले साहेब नाकावर चष्मा आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन हिंडणारे गृहस्थ होते. वाईट नव्हते, पण भांडारात काही पेटवायचं म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसली. "एक धागा," ते म्हणाले. "याहून जास्त काही जाळायचं नाही. इथे खोकी आहेत, पेंढा आहे." पुढारी आला होता, त्याच्यामागे सुट्टीच्या भोंग्यानंतर निघालेले भट्टीवरचे सातआठ जण, मुलगा मागे खांबाला टेकून. सगळ्यांच्या नजरा काकूंच्या हातांकडे.

काकूंनी पदराखालून कापड काढलं. तिथेच त्यांचा घात झाला. शिवणखोलीतून निघताना गडबडीत त्यांनी टेबलावरचं हाताला लागेल ते उचललं होतं, आणि हाताला लागली होती बाहीच्या बाजूने निघालेली एक लांब, अरुंद, उभी पट्टी. पट्टीच्या कडेला एक धागा सुटलेला दिसला, तोच त्यांनी ओढला, तो सरसर लांबच लांब निघाला. साहेबांनी बशी पुढे केली. काकूंनी काडी लावली.

धागा आकसला, काळा पडला, काडी बाजूला होताच विझला. केस जळल्याचा वास सगळ्यांच्या नाकांत गेला. पुढाऱ्याने बोटाने राख चुरली. पावडर झाली.

"काकू," पुढारी हळूच म्हणाला, "असली लोकर असली की काय होतं म्हणालात?"

काकूंना उत्तर माहीत होतं. त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"हेच होतं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता तो. मऊ कोट हातचे जात नाहीत म्हणून जीव भांड्यात पडलेल्या माणसांचा हशा होता. साहेबांनी बशी पुसली. "काकू, तुमची काळजी कळते मला. पण झालं ना आता समाधान? तुमच्याच हातानं झालं."

"दुसरा एक..." काकू म्हणाल्या. "दुसरा एक धागा..."

"एकच ठरलं होतं," साहेब म्हणाले आणि जुडगा वाजवत कुलपाकडे वळले. मुलगा खांबापासून कधी निघून गेला ते काकूंना दिसलंही नाही.

शिवणखोलीत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. काजवालीने पाणी दिलं. काकू पट्टीकडे बघत राहिल्या. पट्टी उभी कापलेली. तिच्या कडेला सुटतात ते उभे धागे. काल जाळला तो ताग्याच्या कापलेल्या टोकाचा, म्हणजे आडवा. त्यांनी पट्टीच्या टोकाचा एक आडवा धागा ओढून डबीवर जाळला. भुरकन. काळी गोळी. शेजारी उभा धागा जाळला. राख.

"उभा लोकरीचा, आडवा नकली," त्या म्हणाल्या. "ही मऊमऊ लव सगळी आडव्याची आहे. माझ्या लक्षात कसं आलं नाही? मास्तरांनी सांगितलं होतं, दोन्हीकडून ओढून बघा."

"मग चला ना परत. मी येते."

"कोण उघडतंय आता कुलूप?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना त्यांनी दारातच गाठलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं, अगदी मान हलवत, आणि शेवटी म्हणाले, "काकू, आज आडवा म्हणताय, उद्या तिरका म्हणाल." तोवर कारखान्यात त्यांचं नाव काडीवाल्या काकू पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या नळावर गेल्या की कोणी तरी आगपेटी पुढे करी. त्याही हसत. दुसरं काय करणार.

पुढारी मात्र आपणहून शिवणखोलीत आला. काकूंनी त्याला दोन्ही धागे जाळून दाखवले. त्याने काळी गोळी दाताखाली धरून पाहिली आणि खिडकीच्या जाळीकडे तोंड फिरवलं.

"दिसलं मला," तो म्हणाला.

"मग बोला ना तुम्ही. तुमचं ऐकतील."

"काय बोलू? ह्याच कोटांसाठी मी भट्टीचं काम थांबवलं. पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं, काकू. आता मीच जाऊन सांगू, काढा ते, पुन्हा मेंढरं अंगावर घ्या? आणि पुन्हा घ्यायला मेंढरं आहेत कुठे? जुने कोट चिंध्यावाल्याला विकून झालेत, नवा हाती पडला की जुना त्याच्या गाडीत." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "कचेरी म्हणेल, अर्धी लोकर आहेच की. पुढच्या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून बघतो. तुम्हीच या माझ्याबरोबर बघायला."

"आणि तोवर?"

जाताना पुढाऱ्याने टेबलाचा कोपरा दोनदा थोपटला, जणू टेबलालाच धीर देत होता.

तोवर काकूंनी कोट शिवले. शिवणार नाही असं म्हणून पाहावं, असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. यजमान म्हणाले, "तू नाही शिवलेस तर बाहेरून शिवून आणतील. निदान टीप तरी चांगली पडू दे." तेव्हा त्या शिवत राहिल्या. कापड सुईखालून इतकं गुळगुळीत सरके, की जुन्या लोकरीत दिवसभरात जेवढं काम होई तेवढं जेवणाच्या आत होत असे. आपल्या हाताला ते सोपं जातंय, याचाही काकूंना राग येई. कोण कुठला कोट घालणार हे मापावरून त्यांना कळे. हा फुंकणाऱ्या म्हाताऱ्याचा, हा डावखुऱ्याचा, ह्याचं नुकतंच लग्न झालंय. मुलाचा कोट हाती आला तेव्हा त्यांनी तो बेतून बाजूला ठेवला आणि घरी नेला.

घरी दारामागे यजमानांचा जुना कोट होता. गुडघे दुखले की ते तो पायांवर घेत. काकू तो हातात घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी डोळे किलकिले केले.

"कोट आहे का तो हातात?"

"हो."

"पोराच्या कोटाला अस्तर?"

काकूंनी कोट उलटा करून आतली बाजू चाचपली.

"काप. विचारतेस काय. मला काय आता कुणी भट्टीवर बोलावणार आहे?" मग जरा वेळाने म्हणाले, "पाठीकडचं कापड बाह्यांना घे. पाठीला भट्टीची धग लागत नाही, तिथलं शाबूत असेल."

काकूंनी तो कोट उसवला. त्यांच्याच हातची शिवण होती. पुढच्या दोन्ही बाजूंना आणि बाह्यांना आतून जुन्या लोकरीचं अस्तर लावलं, वरून टीप दिसणार नाही अशी. मुलाला सांगितलं, खांद्यात जरा नीट बसवलाय.

कोट उचलल्याबरोबर मुलाला वजनावरून कळलं असणार. पण तो तसाच घेऊन गेला, आणि काकूंना वाटलं, जमलं. तीनचार दिवस त्या मशीनवर गुणगुणत होत्या. काजवालीने ते मोडलं. ती भट्टीवर बटणं लावायला गेली होती.

"काकू, रागावू नका. तुमच्या पोराचा कोट खुंटीवर आहे. तो साधाच घालतो, शिल्लक पडलेल्यातला."

"का?"

"त्याला चिडवतात म्हणे. आईनं अंगडं शिवून दिलं, आतून गोधडी लावून."

काकूंनी संध्याकाळी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, सगळ्यांनी जे घातलंय ते मी घालणार. मी एकटाच काय सोन्याचा आहे?"

"माझ्यासाठी आहेस."

"मग इतरांच्या आया काय म्हणतील?"

इतर आयांच्या मुलांचे कोटही काकूंनीच शिवले होते.

पुढचे काही दिवस भट्टीच्या बाजूने जरा कोणी मोठ्याने हाक मारली की त्यांचा पाय मशीनवर थबके. दुरुस्तीला कोट येऊ लागले होते. लोकरीचा कोट दुरुस्तीला येई तेव्हा करपलेली जागा हाताने चोळली की भुगा पडे. ह्यांच्यावर छोटी छोटी भोकं होती आणि प्रत्येक भोकाला कडक काळी कड. काकू ती कड कात्रीने कापत आणि वर ठिगळ लावत. ठिगळ त्याच कापडाचं. दुसरं होतं कुठे?

आणि मग एका दुपारी मुलगाच शिवणखोलीच्या दारात आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, पुढारी त्याच्या खांद्याला धरून.

"काही नाही झालं, काकू, घाबरू नका," पुढारी म्हणाला. त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. "दंडावर थेंब पडला. ह्यानं झटकला."

झटकला. शिकवल्याप्रमाणे, उघड्या हाताने. पण कापड वितळलं होतं आणि ते वितळलेलं तळहाताला चिकटलं. दंडावर रुपयाएवढा डाग होता. तळहातावर मात्र काळं काही बसलं होतं, आणि ते ओढायचं नाही, पाण्याखाली धरायचं, असं दवाखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं. काकूंनी फडकं सोडून पाहिलं. त्या काळ्या डागाला त्या ओळखत होत्या.

मुलगा स्टुलावर बसला. "आई, नळीची पकड गेली बघ. दोन आठवडे तरी डाव्या हाताचं काम." आणि मग उगाच म्हणाला, "मान मात्र बरी आहे."

काकू हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्या बादली आणायला उठल्या.

त्या आठवड्यात कचेरीने हालचाल केली. भट्टीच्या भिंतीवर एक पाटी लागली: कोटावर काच उडाल्यास हाताने झटकू नये. झटकू नये तर काय करावं, ते पाटीवर नव्हतं. पुढारी जाऊन भांडला, ह्या वेळी खरोखर भांडला. त्याला सांगण्यात आलं की नवं कापड मागवलंय, यायला वेळ लागेल, तोवर सांभाळून काम करा. भट्टी काही विझवता येत नाही. ती एकदा थंड पडली की आतली काच घट्ट होते आणि भट्टीच जाते. हे कामगारांनाही माहीत होतं, म्हणून कोणी तसं म्हटलंही नाही.

मुलाचा तळहात भरून आला आणि तो पुन्हा नळीवर जायचा, त्याच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच तो अस्तर लावलेला कोट काखेत मारून घरी आला. त्याच्यामागे एक अवाढव्य माणूस दारातून तिरका होऊन आत शिरला. भट्टीवर त्याला पिंप म्हणत. तो चपला काढून कोपऱ्यात उभा राहिला, जागा कमी व्यापावी म्हणून हात पोटाशी बांधून.

"आई, आमचं असं ठरलंय," मुलगा म्हणाला. "भट्टीच्या तोंडावर जो उभा असेल त्यानं हा कोट घालायचा. सगळ्यात जास्त तिथेच उडतं. पाळी बदलली की कोट बदलायचा."

"हा कोट?"

"आतून का होईना, एवढाच आहे ना लोकरीचा."

यजमानांनी भिंतीकडून विचारलं, "तुझी पाळी किती दिवसांनी येते तोंडावर?"

"सगळ्यांचीच येते, बाबा."

"आणि बाकीच्या दिवशी?" काकूंनी विचारलं.

"बाकीच्या दिवशी जरा मागे सरून उभा राहीन."

नळीची लांबी ठरलेली असते. मागे सरून काच फुंकता येत नाही, हे त्या घरातल्या तिघांनाही माहीत होतं, आणि कोपऱ्यातल्या चौथ्यालाही.

"हा सगळ्यांना बसायला हवा," मुलगा म्हणाला. "म्हणून याला आणलंय. सगळ्यात जाडा हाच."

"होईल ना, काकू?" पिंप म्हणाला. एवढ्या देहातून आवाज अगदी बारीक आला. "नाही तर माझं राहू द्या. बाकीच्यांना बसेल एवढा करा. मी साध्यावर भागवीन."

काकूंनी कोट टेबलावर उलटा पसरला. शिवणीत त्यांनी आत भरपूर माया सोडली होती. जुनं कापड पुन्हा मिळायचं नाही म्हणून कापायचा धीर झाला नव्हता. शिवण सोडून कोट वाढवता येण्यासारखा होता. नाही येत म्हटलं असतं तरी या दोघांना काही कळलं नसतं. शिवणीतलं त्यांना काय कळतंय? यजमानांना कळलं असतं, पण ते बोलले नसते. कोट मुलाच्या मापाचा होता, तो मुलाच्याच मापाचा राहिला असता, आणि सगळ्यांना बसत नाही म्हटल्यावर फिरून फिरून त्याच्याच खुंटीवर आला असता. काकूंनी शिवणीवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मुलगा त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो बऱ्या झालेल्या तळहाताची गुलाबी कातडी दुसऱ्या अंगठ्याने दाबून बघत होता.

त्यांनी गळ्यातली टेप काढली. "या, इकडे उजेडात या."

पिंप पुढे आला. काकूंनी टेप त्याच्याभोवती घातली, तशी त्याने छाती पुढे काढून पोट आत ओढलं.

"ओढू नका," काकू म्हणाल्या. "भट्टीवर काय पोट ओढून उभे राहणार आहात?"

"लाज वाटते हो."

"लाज कसली. सोडा. नीट श्वास घ्या."

त्याने श्वास सोडला. टेप ताणली गेली. काकूंनी आकडा पाहिला, मनाशी शिवणीचा अंदाज घेतला, पुन्हा पाहिला.

"बसेल," त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली, कोट मांडीवर घेतला आणि मुलाच्या मापाची टीप उसवायला सुरुवात केली.